चंद्राच्या डावीकडे, तीन बोटांवर

१

संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की जुवैना शिडी चढून घराच्या धाब्यावर जायची आणि सुवैद शिडीच्या पायथ्याशी चटईवर बसायचा. दोन वर्षांचा हा रिवाज. त्याआधीची चाळीस वर्षं सगळं उलटं होतं. तो वर आणि ती खाली, चुलीशी. आता कॉफीची किटली सुवैदच्या हाताशी असे आणि अर्धी कॉफी तो चटईलाच पाजत असे.

ओमानातल्या त्या गावाला पाणी एकच, डोंगरातून येणाऱ्या पाटाचं. कुणाची पाळी संपली आणि कुणाची लागली हे दिवसा सावलीवरून ठरे, रात्री ताऱ्यांवरून. अमका तारा डोंगराआड गेला की या बागेचं दार बंद आणि त्या बागेचं उघडं. तारा गेला असं म्हणायचा हक्क एकट्या सुवैदचा. त्याने 'गेला' म्हटलं की गेला, मग गावच्या शेखची खजूर का वाळेना. अलीकडे दुकानात मनगटी घड्याळं आली होती. तरणी माणसं सुवैदला विचारत, काका, तुमच्या ताऱ्यांना चावी कोण देतं? सुवैद म्हणे, तुझं घड्याळ बंद पडलं की वेळ विचारायला कुणाकडे येशील तेवढं सांग.

पण सुवैदच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर कोणी ताक ओतून ठेवावं तसं सगळं पांढुरकं दिसे. ही गोष्ट गावात एकट्या जुवैनाला ठाऊक होती. तिला ताऱ्यांची नावं येत नसत. ती चंद्र शोधायची, हात लांब करून बोटांनी आणि मुठीने अंतर मोजायची आणि काय दिसतं ते खाली सांगायची. नाव तो ठेवायचा. असं दोघांचं मिळून एक माणूस झालं होतं, आणि गावाचं पाणी त्याच्यावर चाललं होतं.

त्या संध्याकाळी चंद्र चार दिवसांचा होता. वसंत सरत आलेला, गहू कापणीला आलेला.

"चंद्राच्या डावीकडे तीन बोटांवर एक तांबडी चांदणी आहे," जुवैना वरून म्हणाली. "खाली उजवीकडे तो बारक्या चांदण्यांचा घोस."

"घोस म्हणजे कृत्तिका. तांबडी ती रोहिणी," सुवैद म्हणाला. "आज ती तिथेच असायला हवी."

सगळं बरोबर होतं. तरी रोहिणीचं नाव घेतलं की तो घाईने दुसऱ्या कशाला तरी हात घाली. त्याने कॉफीचा कप शोधला आणि तो कलंडला.

२

दुसऱ्या संध्याकाळी जुवैना वरून म्हणाली, "तीच. तांबडी. डावीकडे, तीन बोटं."

सुवैदला हसू आलं. "कालचं शिळं वाढू नकोस. वर बघून सांग."

"वर बघूनच सांगते आहे."

चंद्र रोज एक मूठ आणि वर दोन बोटं पूर्वेला सरकतो. तारे आपली जागा सोडत नाहीत. ग्रह सोडतात, पण त्यांची चाल गोगलगाईची. म्हणजे काल जो कोणी चंद्राशेजारी होता, तो आज मागे पडलेला असणार. हे सुवैदला त्याच्या बापाने शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापाने, आणि यात कधी एका बोटाचा फरक पडला नव्हता.

"कालची कुठे आहे मग?" त्याने विचारलं.

"ती राहिली खाली, घोसाजवळ. ही दुसरी आहे."

तांबडा म्हणजे मंगळ, असं मनात आलं. पण मंगळ यंदा पहाटेचा होता. फजरच्या वेळी जुवैनानेच तो पूर्वेला पाहून सांगितला होता. संध्याकाळच्या आभाळात त्याचं काही काम नव्हतं. सुवैद म्हणाला, तुला भास झाला असेल.

"आंधळे तुम्ही, आणि भास मला?" जुवैना म्हणाली आणि खाली येऊन पिठाच्या कामाला लागली.

चंद्राच्या सहाव्या रात्रीही तेच. तीन बोटं, डावीकडे. सातव्या रात्री चंद्र गुरूशेजारी आला. गुरू पांढरा आणि ठसठशीत, तो तिने नेमका सांगितला. व्याधाच्या जागी काय, मघांच्या जागी काय, सुवैदने खोदून खोदून विचारलं आणि तिने एकही चूक केली नाही. आणि तांबडी? आहे की, ती म्हणाली, चंद्राच्या डावीकडे. जसं काही चंद्राचं बोट धरून निघाली आहे.

सुवैदने मुलीला बोलावून घेतलं. रय्या नवऱ्याबरोबर, हमदानबरोबर, दोन घरं पलीकडे राहायची. आईची मान दुखते, जरा वर जाऊन चंद्राजवळ काय आहे ते बघ, एवढंच तिला सांगितलं. आपल्या बायकोला वेड लागलंय असं निघावं, अशी त्याची मनातून इच्छा होती, आणि त्या इच्छेची त्याला लाजही वाटत होती.

"एक पांढरा आहे आणि एक तांबडा," रय्या वरून म्हणाली. "तांबडा चांगला मोठा आहे, बाबा. चार दिवस बघतेय मी. हमदानही म्हणत होता, छान दिसतोय म्हणून."

म्हणजे ती सगळ्या गावाला दिसत होती. आणि तिचं कुणालाच काही वाटत नव्हतं, कारण ती तिथे असूच शकत नाही हे कळण्याइतकं आभाळ कुणाला ठाऊक नव्हतं. एकट्या सुवैदला ठाऊक होतं, आणि त्याला दिसत नव्हतं. त्या रात्री तो झोपला नाही.

३

जाताना रय्या आणखी एक सांगून गेली. उद्या बुडी साफ करायची ठरलं आहे आणि आत हमदान उतरणार आहे.

गावाच्या वरच्या अंगाला पाट ओढा ओलांडतो. ओढ्याचा पूर वरचं बांधकाम टिकू देत नाही, म्हणून जुन्या लोकांनी पाणी एका काठच्या विहिरीत उतरवलं, ओढ्याच्या तळाखालच्या भुयारातून नेलं आणि पलीकडच्या विहिरीतून वर काढलं. तीच बुडी. भुयारात गाळ साचतो. काही वर्षांनी वरचं दार लावून, पाणी उपसून, एक माणूस दिवा आणि खुरपं घेऊन आत सरपटत जातो. हे काम मशिदीच्या पाळीत करतात, म्हणजे कुणाच्या बागेचं पाणी तुटत नाही. ती पाळी सूर्यास्तापासून रोहिणी मावळेपर्यंत. रोहिणी गेली की पाणी सानी नावाच्या बागवाल्याचं. सानी दाराशीच बसलेला असतो, आणि सुवैदची हाक आली की दाराची फळी उचलून पाणी सोडतो.

सहा वर्षांपूर्वी आत मुसल्लम उतरला होता. सुवैद आणि जुवैनाचा मुलगा, रय्याचा थोरला भाऊ. हाक गेली, सानीने फळी उचलली, आणि मुसल्लम आतच होता.

गावाने निकाल दिला तो असा: मुसल्लमला 'थोडंच राहिलंय' म्हणायची खोड होती. जेवायला बोलवा, थोडंच राहिलंय. नमाजेला बोलवा, थोडंच राहिलंय. त्या रात्रीही वेळेवर बाहेर आला नाही आणि जिवाला मुकला. जुवैनानेही तेच धरलं. ती रडता रडता त्याला रागावायची, आणि रागावता रागावता रडायची. कधी माझं ऐकलं नाहीस, म्हणायची. मागच्या ईदला कबरीपाशी बसून तिने त्याला पुन्हा एकदा बोल लावला, तेव्हा सुवैद तिच्या चपला हातात धरून मागे उभा होता.

तो काही बोलला नव्हता. सहा वर्षं बोलला नव्हता.

मुसल्लम गेला त्या रात्री चंद्र अगदी रोहिणीवर आला होता. इतका नेमका, की रोहिणी त्याच्या आड गेली. असं आयुष्यात दोनदा-तीनदा होतं. कृत्तिका चंद्राच्या उजेडात विरली होती. आभाळाच्या त्या भागात एकच तांबडा ठिपका उरला होता, डोंगराला टेकलेला. तो मावळला, आणि सुवैदने हाक दिली, 'गेला'. तेव्हा त्याचे डोळे शाबूत होते. डोळ्यांना दोष देता येत नाही.

मग गावात आरडाओरडा झाला, माणसं बुडीकडे धावली. सुवैद शिडीवर एक पाय टाकून थांबला, का कुणास ठाऊक, आणि त्याने वर पाहिलं. चंद्राच्या उजळ कडेआडून रोहिणी बाहेर येत होती. मावळायला तिला अजून बराच अवकाश होता. मावळला तो मंगळ होता.

४

आठव्या दिवशी दुपारी हमदान आला. अंगाने आडवा, बोलण्यात गोड, आणि सासऱ्याची चेष्टा करण्यात पटाईत. खजूर खाता खाता म्हणाला, काका, आज तारा जरा सावकाश मावळवा, माझं पोट भुयारात अडकतं.

सुवैदने त्याला सांगून पाहिलं. म्हणाला, सानीकडे घड्याळ आहे, आजच्या दिवस त्याच्यावर वेळ धरा. हमदानने ते हसण्यावारी नेलं. घड्याळ कधी पुढे पळतं, कधी मागे. रोहिणी कधी चुकली आहे का? आणि काका, तुम्ही असताना घड्याळाच्या भरवशावर मी आत जाऊ? रय्या मला घरात घेईल का?

आता खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं की मला दिसत नाही. तोंड उघडायचं आणि म्हणायचं. पण एक दार उघडलं की त्यामागचं दुसरंही उघडतं. डोळे कधी गेले, मग त्या रात्री होते का, मग ती हाक. सुवैद खजुराची बी हातात फिरवत राहिला आणि हमदान निघून गेला.

५

सूर्य बुडाला. पाट सुवैदच्या अंगणातून जायचा; दार लागलं तसं त्याचं पाणी आटत गेलं आणि आवाज थांबला. त्या आवाजाची सवय इतकी जुनी, की तो थांबल्यावर घर परकं वाटू लागलं.

"चंद्राशेजारी कोण?" सुवैदने विचारलं.

"आज कोणी नाही," जुवैना म्हणाली. "तांबडी दिसत नाही."

त्याला हायसं वाटलं. गेली एकदाची, आता आभाळ जागेवर आलं. त्याने कॉफी ओतली आणि ती कपातच पडली.

मग कोरड्या पाटातून आवाज येऊ लागला. खुरप्याचा. खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. हमदान काम करतोय, सुवैदने मनाशी म्हटलं. कोरडा पाट म्हणजे लांबलचक नळीच. बुडी अर्ध्या मैलावर असली म्हणून काय झालं, आवाज येणारच. हे बरोबर होतं. पण आवाज वरच्या बाजूने येत नव्हता. तो अंगणातल्या पाटात होता, चटईपासून हातभर अंतरावर. सुवैदने हात पुढे केला. हाताला ओला, ताजा खरवडलेला गाळ लागला आणि खर्र थांबलं. त्याने हात चटकन मागे घेतला आणि अंगरख्याला पुसत राहिला.

"तांबडी डोंगराला टेकली," जुवैना वरून म्हणाली.

"कुठली तांबडी?"

"रोहिणीच असेल. दुसरी कुठे आहे आज?" आणि थोड्या वेळाने, "गेली. मावळली. द्या हाक."

सुवैदने तोंड उघडलं. चाळीस वर्षांची सवय. शब्द जिभेवर आलाच होता. तेवढ्यात त्याच्या मनात काहीतरी अडलं. वेळ फार लवकर झाली होती. पण आंधळ्याला वेळ कशी कळणार? त्याला वाटणं आणि खरं असणं यात फरक होता, आणि तो फरक त्याला एकदा फार महाग पडला होता.

"जुवैना," तो म्हणाला, "घोस कुठे आहे?"

"घोस? आहे की. डोंगराच्या वर, दोन बोटं."

कृत्तिका आधी मावळते आणि रोहिणी तिच्या मागून. म्हणून तर त्या मुलखात रोहिणीला 'मागून येणारी' म्हणतात. पुढची अजून आभाळात असताना मागची कशी गेली?

लांबून सानीची आरोळी आली. वेळ झाली का, सुवैद? सुवैदने शिडीचा दांडा चाचपला. पुन्हा आरोळी आली. जुवैना वरून म्हणाली, गेली म्हणते ना मी, लोकांचं पाणी कशाला अडवता. तो शिडी चढू लागला. दोन वर्षांत चढला नव्हता. पाय पायरी शोधत होते.

धाब्याच्या कडेवर डोकं आलं आणि त्याला दिसलं.

चंद्राच्या जागी पांढुरकं होतं, डोंगराच्या जागी पांढुरकं, बायकोच्या जागीही पांढुरकं. आणि त्यात एक तांबडा ठिपका, लख्ख, धारदार. तो आभाळात नव्हता. धाब्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता, जुवैनाच्या मागे, बसलेल्या माणसाने हातात दिवा धरावा तेवढ्या उंचीवर. तो थोडा हलला. मग एक-एक पायरी उतरावं तसा खाली, खाली गेला. त्या बाजूला शिडी नव्हती.

सुवैद धाब्याची कड धरून तसाच उभा राहिला. सानी ओरडत राहिला, शिव्या देऊ लागला. सुवैदने हाक दिली नाही. किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं. शेवटी ओढ्याकडून हमदानचा आवाज आला, दमलेला आणि हसरा. मी वर आलोय, काका झोपले की काय बघा रे कोणीतरी.

"घोस मावळला," जुवैना म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "अहो, रोहिणी अजून आहे. डोंगराच्या वर आहे. मग मघाशी काय गेलं?"

६

त्याने तिला तिथेच, धाब्यावर, सगळं सांगितलं.

"मुसल्लमला उशीर झाला नव्हता," तो म्हणाला. "मी लवकर हाक दिली. तो वेळेवर होता, जुवैना. त्याला अजून तासभर होता."

तिने त्याला मारलं असतं, ती त्याच्यावर थुंकली असती, तर सुवैदला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "ईदला तुम्ही माझ्या मागे उभे होतात ना?"

"होतो."

"मी काय बोलत होते ते ऐकू आलं होतं?"

"हो."

ती उठली आणि खाली गेली. रात्रभर आतल्या खोलीत तिचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. ज्याची क्षमा मागायची त्याची मागत होती, एक-एक शब्द आठवून, सहा वर्षांत जे जे बोलली ते सगळं परत घेत होती. कुणाला वाटेल सहा वर्षांचं बोलणं एका रात्रीत परत घेता येतं. तिला पुढच्या कित्येक रात्री लागल्या.

सकाळी सुवैदने शेखला आणि सानीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, डोळ्यांचीही आणि हाकेचीही. सानी खाली बसला. फळी त्याने उचलली होती. हमदानने सासऱ्याचा हात धरून त्याला घरी आणलं आणि वाटेत एकही चेष्टा केली नाही. रय्या महिनाभर आली नाही. पाट घड्याळावर चालू लागला.

चंद्र सरला, नवा आला. तिसऱ्या संध्याकाळी, आपल्याला आता कुणी काही विचारणार नाही हे माहीत असूनही, सुवैद शिडीच्या पायथ्याशी जाऊन बसला. जुवैना त्याच्या अंगावरून वर गेली. तिने त्याला काही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. जेवण वाढण्यापुरतंच ती त्याच्याशी बोले.

थोड्या वेळाने वरून तिचा आवाज येऊ लागला. हळू, मऊ, कुणाच्या तरी केसांतून हात फिरवताना बायका बोलतात तसा. एकटी बोलत असेल, सुवैदने मनाशी म्हटलं. दुःखाने माणसं बोलतात एकटी. मध्ये ती थांबे, कुणीतरी बोलून संपेपर्यंत थांबावं तेवढी, आणि मग पुन्हा बोले. एकदा ती हसली. सहा वर्षांत त्याने ते हसू ऐकलं नव्हतं. धाब्यावरून काहीतरी थेंब थेंब गळत होतं. पाण्याचा माठ कलंडला असेल, त्याने म्हटलं. माठ त्याच्या शेजारीच होता.

त्याने शिडीला हात लावला. "जुवैना," तो म्हणाला, "मी वर येऊ?"

वरचं बोलणं थांबलं.

"नका येऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तो कामात आहे."

थेंब पडत राहिले. सुवैदचे दोन्ही हात शिडीवर होते.

"माझ्याबद्दल काही म्हणतो?" त्याने विचारलं. "काहीही म्हणू दे. मला सांग."

मग जुवैना अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "विचारतोय, बाबांना विचार, अजून किती वेळ आहे."

सुवैदने कपाळ शिडीच्या लाकडाला टेकलं. गावातल्या प्रत्येकाला त्याने चाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"पुष्कळ आहे," तो म्हणाला. "त्याला म्हणावं, पुष्कळ वेळ आहे. घाई करू नकोस, बाळा."